पाटीवर १९८९ लिहिलेला शिशाचा जड डबा: कोबाल्ट-६० बद्दल एका भंगार व्यावसायिकाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमचा भंगाराचा धंदा आहे आणि माल जालन्याच्या सळई कारखान्यांना जातो. बंद पडलेल्या एका हॉस्पिटलच्या सामानाच्या लॉटमध्ये ड्रमएवढा, आकाराच्या मानाने फारच जड असा एक भाग आला. त्यावर पिवळी पाटी, किरणोत्सर्गाची तीन पात्यांची खूण आणि ‘कोबाल्ट-६०, ५००० क्युरी, १९८९’ असा मजकूर. कोबाल्ट-६० हा किरणोत्सर्गी कोबाल्ट, आणि क्युरी हे त्याच्या ताकदीचं माप. आत शिसं आहे हे तुमच्या माणसांनी ओळखलं. कोणीतरी नेटवर वाचून सांगितलं की कोबाल्टचं अर्धायुष्य पाच वर्षांचं, आता पस्तीस वर्षं होऊन गेली, म्हणजे आत काही उरलेलं नाही, कापायला हरकत नाही. तुम्ही विचारता आहात: कापू का? ते शिसं विकता येईल का? माणसांनी हात लावलाय, ते घरी मुलाबाळांत गेलेत, त्यांचं काय?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी: कापू नका. हलवूही नका. गॅस कटर, छिन्नी, ग्राइंडर, काहीच त्याच्या जवळ जाऊ देऊ नका. बाकीचं सविस्तर सांगतो, कारण नुसतं ‘नको’ म्हटलं की ते दोन दिवस टिकतं. तिसऱ्या दिवशी शिशाचा भाव आठवतो.

माझी नोकरी कॅन्सर रुग्णालयांतल्या कोबाल्ट युनिटवर गेली, शेवटची बरीच वर्षं रेडिएशन सेफ्टी ऑफिसर म्हणून. तुमच्याकडे जे आलंय ते वर्णनावरून टेलिकोबाल्ट यंत्राचं ‘हेड’ दिसतंय. रुग्ण टेबलावर झोपतो आणि वरून ज्या भागातून किरण येतात, तो भाग.

आता अर्धायुष्याचा हिशेब. कोबाल्ट-६० चं अर्धायुष्य ५.२७ वर्षं. ही औषधाच्या पट्टीवरची एक्सपायरी नव्हे. ५.२७ वर्षांनी तो संपत नाही, निम्मा होतो. पुढच्या ५.२७ वर्षांनी त्या निम्म्याचा निम्मा. पस्तीस वर्षांत साधारण साडेसहा वेळा निम्मा होऊन मूळ ताकदीचा शंभरावा भाग उरतो. ऐकायला किरकोळ वाटतं. पण मूळ ५००० क्युरी होते, त्याचा शंभरावा भाग म्हणजे ५० क्युरी. एक क्युरी कोबाल्ट-६० उघडा ठेवला तर एक मीटरवर ताशी सुमारे १.३ राँटजेन (किरणांचं जुनं माप) मारा होतो. म्हणजे ५० क्युरीचा ताशी ६५, नव्या मापात ०.६ ग्रेच्या आसपास, गॅमा किरणांसाठी तेच सुमारे ६०० मिलिसिव्हर्ट. आमच्यासारख्या किरणोत्सर्गात काम करणाऱ्यांना वर्षाला सरासरी २० मिलिसिव्हर्टची मर्यादा असते. तेवढा डोस या उघड्या सोर्सपासून, म्हणजे आतल्या कोबाल्टपासून, एक मीटरवर उभं राहिलं तर दोन मिनिटांत मिळतो.

अजून जवळ जा. अंतर दहापट कमी झालं की मारा शंभरपट वाढतो. दहा सेंटिमीटरवर मिनिटाला सुमारे १ ग्रे. सगळ्या शरीराला ४ ग्रेच्या आसपास डोस एकदम मिळाला आणि उपचार झाले नाहीत, तर निम्मी माणसं दगावतात. बोटांच्या चिमटीत धरलं तर कातडी जळायला सेकंदांचा हिशेब पुरतो. आणि हे सगळं शंभरावा भाग उरल्यावरचं! पाटीवरचा आकडा आणि साल घेऊन तुम्ही स्वतः कागदावर हा हिशेब मांडून बघा, म्हणजे नेटवरच्या सल्ल्यात काय चुकलं ते दिसेल.

आम्हाला हे निम्मं होणं रोज दिसायचं. कोबाल्टची ताकद महिन्याला साधारण एका टक्क्याने उतरते, म्हणून दर महिन्याला उपचारांच्या वेळांचा तक्ता बदलावा लागतो. नव्या सोर्सवर एक मिनिट लागणाऱ्या उपचाराला सव्वापाच वर्षांनी दोन मिनिटं लागतात. टेबलावरच्या रुग्णाला हलू न देता तितका वेळ ठेवणं कठीण होतं, सबंध दिवसात रुग्ण कमी होतात, म्हणून सोर्स बदलायचा. बदलण्याचं कारण तो निरुपद्रवी झाला हे नसतं, तो उपचाराला मंद झाला इतकंच असतं. तुमच्या हेडमध्ये शेवटचा सोर्स १९८९ नंतर भरला गेला असण्याचीही शक्यता आहे. पाटी जुनी आणि सोर्स नवा असंही असू शकतं. तेव्हा ५० क्युरी हाही कमीत कमी अंदाज धरा.

आत नेमकं काय असतं? तुमच्या अंगठ्याच्या पेराहून थोडी मोठी, स्टेनलेस स्टीलची, वेल्डिंग करून दोनदा बंद केलेली एक कुपी. तिच्यात निकेलचा मुलामा दिलेले कोबाल्टचे बारीक दाणे किंवा चकत्या. निसर्गात मिळणारं साधं कोबाल्ट, म्हणजे कोबाल्ट-५९, अणुभट्टीत न्यूट्रॉनच्या माऱ्यात ठेवलं की त्याचं कोबाल्ट-६० बनतं. आपल्याकडे हे काम राजस्थानातल्या रावतभाट्याच्या अणुभट्ट्यांत होतं. प्रत्येक अणू फुटताना एक मंद बीटा कण सोडतो, जो कुपीच्या भिंतीतच अडतो. पाठोपाठ दोन गॅमा किरण निघतात, १.१७ आणि १.३३ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टचे. मागे उरतं ते स्थिर निकेल. सगळा धोका त्या दोन गॅमांचा. ते दिसत नाहीत, चटका देत नाहीत, वास नाही, आवाज नाही. हवेत सोर्स चमकतही नाही. मोठ्या प्रक्रिया केंद्रांत पाण्याखाली ठेवलेल्या कोबाल्टभोवती निळा उजेड दिसतो खरा, पण तो पाण्यातला परिणाम. तुमच्या गोदामात पडलेली कुपी चकचकीत स्टीलच्या तुकड्यासारखीच दिसेल.

गॅमा अडवायला जडपणा लागतो. सुमारे १२ मिलिमीटर शिसं मारा निम्मा करतं. १२ सेंटिमीटर शिसं तो हजाराव्या भागावर आणतं. म्हणून हेडमध्ये सगळ्या बाजूंनी इतकं शिसं ओतलेलं असतं आणि काही हेडमध्ये टंगस्टन किंवा क्षीण केलेलं युरेनियमही असतं. एक्स-रे विभागातला शिशाचा अॅप्रन इथे उपयोगाचा नाही. अर्धा मिलिमीटर शिसं कोबाल्टच्या गॅमातलं तीन टक्केही धड अडवत नाही. अॅप्रन घालून कापू, असा कोणी सल्ला दिला तर त्याला तिथून घालवा.

माझ्या दृष्टीने या सगळ्या प्रकारातली सर्वांत घातक गोष्ट पुढची आहे. भंगारवाल्याला त्या यंत्रात मोल दिसतं ते शिशाचं, आणि त्याला जिवंत ठेवणारी एकमेव वस्तू आहे तेच शिसं. सोर्सकडे कुणाचंच लक्ष नसतं. तो शिसं काढताना वाटेत आलेला एक छोटा तुकडा असतो.

फेब्रुवारी २००० मध्ये थायलंडमधल्या समुत प्राकानला असंच घडलं. मोकळ्या जागेत सोडून दिलेलं टेलिकोबाल्टचं हेड भंगार वेचणाऱ्यांनी नेलं, उघडायचा प्रयत्न केला, जमेना म्हणून भंगाराच्या दुकानात नेऊन कापलं. आतला कोबाल्ट सुमारे ४२५ क्युरी होता, म्हणजे नव्या सोर्सच्या मानाने उतरलेलाच. दहा जणांना मोठा डोस मिळाला, तिघे दोन महिन्यांच्या आत गेले.

आपल्याकडचं उदाहरण दिल्लीतल्या मायापुरीचं, एप्रिल २०१० चं. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात संशोधनाचं एक गॅमा यंत्र होतं, साठच्या दशकाच्या शेवटी घेतलेलं आणि १९८५ पासून न वापरलेलं. फेब्रुवारी २०१० मध्ये ते लिलावात भंगार म्हणून गेलं. चाळीस वर्षांत त्यातला कोबाल्ट जेमतेम दोनशेव्या भागावर आला होता. मायापुरीत ते सोलून शिसं वेगळं केलं गेलं, आतल्या कोबाल्टचे तुकडे दुकानादुकानांत गेले. एका दुकानदाराने चकचकीत तुकडा पाकिटात घालून मागच्या खिशात बाळगला. त्याला खोल जखमा झाल्या. दुकानात काम करणारा एक माणूस महिनाअखेरीस दगावला. दुकानदार रुग्णालयात दाखल होईपर्यंत, केस गळेपर्यंत, हात काळे पडेपर्यंत त्या बाजारातल्या कुणालाही हे कोबाल्ट असेल असं वाटलं नव्हतं. ‘जुनं आहे, आता काय उरलंय’ याला मायापुरी हे उत्तर आहे.

एक गोष्ट तुमच्या माणसांना आजच सांगा, कारण ती कापण्याशी संबंधित नाही. हेड न कापताही धोका होऊ शकतो. सोर्स एका सरकत्या खणात किंवा फिरत्या चाकावर बसवलेला असतो. उपचाराच्या वेळी तो तोंडासमोर येतो, वेळ संपली की आत शिशात परततो. वीज गेली तर स्प्रिंग किंवा हवेचा दाब त्याला मागे नेतो. तरीही तो कधी कधी वाटेत अडकतो. त्यासाठी उपचाराच्या खोलीबाहेर भिंतीला टी-रॉड, म्हणजे टी आकाराचा लांब दांडा, टांगलेला असतो आणि आमची तालीम ठरलेली: आधी रुग्णाला टेबलावरून काढून बाहेर न्यायचं, किरणांच्या तोंडासमोर न येता बाजूने जायचं, टी-रॉडने खण आत ढकलायचा, जमलं नाही तर दार लावून बाहेर थांबायचं. मी घेतलेल्या प्रत्येक तालमीत नवखा माणूस न चुकता हेडच्या तोंडासमोरून चालत जायचा. नजर रॉडवर असते, पाय कुठे पडतात तिकडे लक्ष नसतं. आता तुमच्या गोदामातलं हेड ट्रकमधून आपटत आलंय, आडवं पडलंय, स्प्रिंग जुनी झालीय. खण कुठल्या स्थितीत आहे हे बाहेरून तुम्हाला कळणार नाही. म्हणून गोल तोंड, जिथे जाड जबड्यांसारखे भाग दिसतात, त्या दिशेला कुणीही उभं राहायचं नाही. बाहेर आलेला दांडा आत ढकलून पाहायचा नाही, चाक फिरवायचं नाही, क्रेनने उचलून सरळ करायचं नाही.

धीर देणारी बाजूही तितकीच खरी आहे. सोर्स आत बसलेला असेल आणि शिसं शाबूत असेल, तर हेडच्या बाहेर जवळजवळ काही येत नाही. पूर्ण भरलेल्या हेडमधूनही एक मीटरवर सरासरी ताशी ०.०२ मिलिसिव्हर्टपेक्षा जास्त गळती चालत नाही, आणि तुमचा सोर्स पाटीप्रमाणे धरला तर शंभराव्या भागावर उतरलेला आहे. ज्यांनी फक्त हेड ट्रकमधून उतरवलं, पाटी वाचली, त्यांना काही झालेलं नसण्याची शक्यता फार मोठी आहे.

घरच्यांची काळजी वेगळी आहे आणि ती लोक नेहमी उलटी करतात. गॅमा अंगावर पडल्याने माणूस किरणोत्सर्गी होत नाही. त्याचे कपडे, डबा, मोबाइल, काहीच होत नाही. तो मुलाला कडेवर घेऊ शकतो, त्याच्या शेजारी जेवायला बसायला हरकत नाही. मायापुरीनंतर जखमी माणसांच्या जवळ जायला लोक घाबरत होते, हे फार वाईट झालं. शिशाचंही तसंच. कोबाल्टचे गॅमा शिशाला किंवा लोखंडाला किरणोत्सर्गी करू शकत नाहीत. तेवढी ऊर्जा त्यांच्यात नाही. याच कारणाने लासलगावच्या ‘कृषक’ केंद्रात कोंब येऊ नयेत म्हणून कोबाल्टच्या किरणांतून काढलेला कांदा, किंवा २००७ पासून अमेरिकेला जाणारा आंबा खायला निर्धोक आहे. किरण त्याच्यातून गेले, कोबाल्ट त्याला लागलं नाही.

लागण्याचा प्रश्न येतो तो कुपी फुटली तर. मग कोबाल्टचा चुरा हाताला, कपड्याला, बुटाला चिकटतो आणि घरी जातो. १९८७ साली ब्राझीलच्या गोयानियात जे गावभर पसरलं ते सीझियम-१३७ होतं, मिठासारखी पाण्यात विरघळणारी पूड. कोबाल्ट धातू आहे, तसा विरघळत पसरत नाही. पण ग्राइंडर किंवा कटर कुपीवरून गेला, तर हा फरक फार कामाचा राहत नाही. हेड कापलेलं नसेल तर घरी गेलेल्या माणसांबद्दल निश्चिंत राहा. कोणी आधीच काही कापलं असेल तर मात्र त्याने घातलेले कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून बाजूला ठेवायचे, साबणपाण्याने आंघोळ करायची, आणि तपासणी होईपर्यंत ती पिशवी घरात न आणता दूर ठेवायची.

आजारपण कसं ओळखायचं? मोठा डोस मिळाला तर काही तासांत मळमळ, उलट्या सुरू होतात. उलट्या जितक्या लवकर, तितका डोस मोठा. मग फसवी गोष्ट होते: एक-दोन दिवसांनी माणसाला बरं वाटतं. डॉक्टरने अन्नातून विषबाधा झाली म्हणून औषध दिलेलं असतं, माणूस कामावर परततो आणि त्याच सोर्सजवळ पुन्हा बसतो. आतमध्ये रक्त तयार होणं थांबलेलं असतं. दोन-तीन आठवड्यांत केस गळतात, ताप येतो, हिरड्यांतून रक्त येतं. हाताची कातडी आधी लाल, मग फोड, मग काळी. आग न लागता झालेलं भाजणं दिसलं की डॉक्टरला स्पष्ट सांगायचं, ‘मी किरणोत्सर्गी खूण असलेलं यंत्र हाताळलंय.’ हे एक वाक्य रुग्णाने सांगितलं नाही तर साध्या दवाखान्यात ते कुणाच्या डोक्यात येत नाही. पहिल्या दोन दिवसांत रक्तातल्या लिम्फोसाइट पेशी किती वेगाने घटतात यावरून डोसचा चांगला अंदाज येतो, म्हणून रक्ताची तपासणी लगेच आणि पुन्हा पुन्हा करायची.

तुमचा माल भट्टीत जातो, म्हणून हे खास तुमच्यासाठी. सीझियमचा सोर्स वितळला तर त्याची वाफ होऊन तो बराचसा धुराच्या धुळीत जातो. कोबाल्ट मात्र लोखंडात मिसळून पोलादातच राहतो. तो लोहचुंबकाला चिकटतो, म्हणून भंगार उचलणारी चुंबकाची क्रेन सुटे दाणे उचलून थेट चार्जमध्ये, म्हणजे भट्टीत जाणाऱ्या मालात, टाकू शकते. डिसेंबर १९८३ मध्ये मेक्सिकोतल्या सिउदाद ह्वारेसमध्ये टेलिकोबाल्टचा एक सोर्स भंगारात गेला. सुमारे ४०० क्युरी, सहा हजारांवर बारीक दाणे. ते वितळून सळया आणि टेबलांचे पाय झाले. कळलं कसं? जानेवारी १९८४ मध्ये त्या सळया घेऊन निघालेला एक ट्रक रस्ता चुकून अमेरिकेतल्या लॉस अलामोसच्या अणुप्रयोगशाळेच्या फाटकाशी गेला आणि तिथलं यंत्र वाजलं. तोवर सळया घरांमध्ये लागल्या होत्या. अनेक घरं पाडावी लागली. तैवानमध्ये ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीच्या अशाच सळयांवर बांधलेली हजाराहून अधिक घरं १९९२ नंतर उघडकीला आली. तोपर्यंत लोक त्यांत वर्षानुवर्षं राहत होते. आणि २००८ साली फ्रान्समध्ये लिफ्टच्या बटनांत कोबाल्ट-६० सापडलं, ते पोलाद भारतातून गेलेलं होतं. जालन्याची सळई राज्यभर घरांच्या स्लॅबमध्ये जाते. एक हेड भट्टीत गेलं तर भट्टी, रोल, स्लॅग, गोदामातला साठा सगळं अडकतं, आणि विकून गेलेला माल शोधत फिरावं लागतं.

आता आज करायचं काम. हेड जिथे आहे तिथेच राहू दे. उघड्यावर असेल तर चहूबाजूंनी किमान ३० मीटर मोकळे करा, जागा असेल तर १००. दोरी लावा, आडून लक्ष ठेवायला एक माणूस नेमा, रात्री कोणी चोरून नेणार नाही याची व्यवस्था करा. चोरीचा धोका खरा आहे. पाटीचा फोटो लांबून झूम करून घ्या. त्यावरचा कंपनीचा, मॉडेलचा आणि सोर्सचा क्रमांक फार महत्त्वाचा, कारण त्यावरून हा सोर्स कुणाच्या परवान्यावर होता ते सापडतं. ११२ वर फोन करून पोलिसांना ‘किरणोत्सर्गी सोर्स’ हे शब्द वापरून सांगा आणि मुंबईत अणुशक्तिनगरला असलेल्या अणुऊर्जा नियामक मंडळाला, म्हणजे एईआरबीला, कळवा. अणुऊर्जा विभागाची आणीबाणीत धावून येणारी पथकं आहेत, पुण्याजवळ सुदुंबऱ्याला एनडीआरएफची, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची, तुकडी आहे. त्यांच्याकडे यंत्रं आणि प्रशिक्षण दोन्ही आहे. लॉट कुठून, कुणाकडून, कधी आला ती बिलं आणि वजनकाट्याच्या पावत्या बाजूला काढून ठेवा.

पोलीस म्हटलं की धंद्यातला माणूस दचकतो, हे मी समजू शकतो. पण नियमाप्रमाणे असा सोर्स सांभाळणं आणि वापर संपल्यावर पुरवठादाराकडे किंवा ठरलेल्या संस्थेकडे परत पाठवणं ही परवानाधारक रुग्णालयाची जबाबदारी असते. तो भंगारात विकायची मुभा कुणालाच नाही. तुम्ही कळवलंत तर तुम्ही तो शोधून देणारे ठरता. चुपचाप ज्याने विकला त्याला परत केलात किंवा पुढच्याला दिलात, तर पुढे कापणाऱ्याच्या हातात तो तुमच्याकडून गेलेला असेल.

कधी कापाकापीत लाल त्रिकोणाची पाटी दिसली, वर किरणांची खूण, खाली कवटी आणि पळणारा माणूस, तर हत्यार तिथेच टाकून निघायचं. ती २००७ पासूनची खूण मुद्दाम आतल्या बाजूला लावतात. ती दिसली म्हणजे तुम्ही सोर्सच्या अगदी जवळ पोचलात.

पुढच्यासाठी एक सर्व्हे मीटर, म्हणजे किरणोत्सर्ग मोजायचं हातातलं यंत्र, घ्या आणि दरवर्षी कॅलिब्रेट करून आणा. आधी रिकाम्या आवारात आकडा बघून ठेवा, ताशी ०.१ मायक्रोसिव्हर्टच्या आसपास येईल. ट्रक आत घेण्याआधी चारी बाजूंनी मीटर फिरवा. नेहमीच्या दुप्पट-तिप्पट दिसलं तर ट्रक बाहेरच उभा. मात्र शिशात नीट बसलेला सोर्स मीटर पकडेलच असं नाही, म्हणून काट्यावरच्या माणसाला आकाराच्या मानाने फारच जड वस्तू बाजूला काढायची सवय लावा. आणि मीटर नेहमी लांबूनच चालू करून जवळ जा. जुन्या धाटणीचे काही गायगर मीटर फार मोठ्या माऱ्यात गुदमरून शून्य दाखवतात; आकडा चढत चढत एकदम शून्यावर आला तर तिथूनच मागे फिरायचं.